दोन थेंब जुन्यांच्या नावानं

मी आजवर एकूण दीड बिडी ओढली आहे आणि दारूचा एक घोटही घेतलेला नाही. तरीही तेराव्या वर्षी आमच्या तिघांच्या टोळीत सगळ्यात पक्का पिणारा म्हणून माझं नाव होतं. ही कीर्ती मी कशी कमावली ते एकदा सांगून टाकायला हवं, कारण तिच्यापायी मी माझ्या सज्जन आजोबांना पार बदनाम करून ठेवलं होतं.

आम्ही मूळचे ब्रह्मपुरीचे. वडील टेलर. ब्रह्मपुरीत टेलर फार झाले म्हणून मी सहावीत असताना त्यांनी मशीन उचललं आणि धानोऱ्याला बसस्टँडजवळ दुकान मांडलं. त्यांना गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात मिळालं, मला मित्र मिळायला वर्ष लागलं. घरी आम्ही हिंदी बोलायचो, त्यामुळे माझी मराठी ऐकून वर्गातली पोरं हसायची. वर्षभर मी मधल्या सुट्टीत शाळेच्या हँडपंपाकडे तोंड करून एकट्याने डबा खाल्ला. ज्याने असा डबा कधी खाल्ला नाही त्याला माझं पुढचं वागणं मूर्खपणाचं वाटेल. ते मूर्खपणाचं होतंच, पण उगाच नव्हतं.

सातवीत दोघे मिळाले. एक आमच्याहून वर्षाने मोठा. धानाची शेती असलेल्या कुणब्याच्या घरचा, सातवीत एकदा नापास होऊन आमच्या वर्गात आलेला. त्याचे जुने मित्र आठवीत गेले आणि त्याच्याशी बोलेनासे झाले होते. पण तो एवढा उंच आणि एवढा बिनधास्त होता की त्याला त्याचं काही वाटत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तो आमचा म्होरक्या. दुसरा आतल्या एका गावचा गोंडाचा मुलगा, वसतिगृहात राहायचा. तो कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते मनापासून. एका दुपारी म्होरक्या माझ्याशेजारी येऊन बसला आणि न विचारता माझी अर्धी पोळी उचलून खाल्ली. त्या अर्ध्या पोळीसाठी मी त्याच्यामागे विहिरीत उडी घेतली असती.

बिडी आमच्याकडे कोणी व्यसनात धरत नसे. उन्हाळ्यात अर्धा तालुका तेंदूची पानं तोडायला जंगलात जायचा. ज्या पानावर घरात पोरांची दप्तरं येतात तेच पान वळून ओढलं म्हणून कोण कोणाला बोलणार? दुकानाबाहेरच्या बाकड्यावरची गिऱ्हाइकं मला खुशाल सांगायची, “जा रे बाबू, चायवाल्याच्या भट्टीवून पेटवून आण.” पेटवलेली बिडी वाटेत विझू नये म्हणून एखाददुसरा झुरका घ्यावाच लागे. माझ्या हिशेबातली अर्धी बिडी ती. उरलेली एक मी टोळीत ओढली आणि एवढा खोकलो की माझ्या पाठीवर थापट्या मारण्याच्या नादात म्होरक्याची स्वतःची विझून गेली.

वडिलांना मात्र गावातलं कोणतं पोरगं ओढतं ते बसल्या जागी कळायचं. बिडीची ठिणगी उडाली की टेरिकॉटच्या शर्टाला बारीक, गोल, कडेने कडक झालेलं भोक पडतं. आया ते शर्ट घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, “मास्तर, उंदरानं कुरतडलं वाटते.” वडील मान डोलवायचे, रफू करून द्यायचे, आणि बाई गेल्यावर मला म्हणायचे, “चूहे का दाँत गोल नहीं होता, बेटा.” हे ते गालात खर्रा धरून म्हणायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा दिवसातून पाच-सहा वेळा त्यांच्या गालात जायचा. त्यामुळे व्यसनांबद्दलचं त्यांचं म्हणणं मला नेहमी जरा अस्पष्टच ऐकू आलं.

आठवीत हाफपँट सुटली आणि फुलपँट आली. फुलपँट घातलेला पोरगा म्हणजे ‘गडी’, आणि गड्याने काहीतरी करून दाखवायचं असतं. वडिलांनी माझी पँट वाढत्या अंगाची शिवली होती. मोहरी, म्हणजे पायाकडचा घेर, एवढी मोठी ठेवली होती की मी वळलो तरी पँट सरळच जायची. तशा पँटमध्ये गडी दिसायला मला इतरांपेक्षा जास्त मेहनत होती.

जिल्ह्यात दारूबंदी लागून काही वर्षं झाली होती. बंदीआधी दारू म्हणजे बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला आडवा झालेला माणूस. त्यात मिरवण्यासारखं काय होतं? बंदीनंतर ती लपवायची वस्तू झाली, आणि घरात लपवलेली वस्तू पोरं कधी सोडतात का? म्होरक्याचा काका आपली मोहाची बाटली गोठ्यामागच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात खुपसून ठेवायचा. म्होरक्या त्यातली थोडी औषधाच्या बाटलीत काढून घ्यायचा आणि तेवढंच पाणी भरून ठेवायचा. पुढे काका आमच्या बाकड्यावर बसून वडिलांना म्हणायचा, “काय सांगू मास्तर, बंदी आल्यापासून मालात काही दमच नाई राह्यला.”

शनिवारी शाळा सकाळची असायची. अकराला सुटलो की आम्ही म्होरक्याच्या शेताच्या टोकाला, नाल्याकाठच्या मोहाखाली जायचो. एका शनिवारी तिथे त्याने दप्तरातून ती बाटली काढली आणि पळसाच्या पानांचे तीन द्रोण लावले.

“जो पेईन तो गडी,” तो म्हणाला. “जो नाई पेईन त्यानं सोमवारपासून हँडपंपाकडं तोंड करून डबा खावा.”

तो हसत म्हणाला. मी नाही हसलो.

आमच्या घरी दारूचं नावही निघत नसे. धर्मात हराम, हे तर झालंच. पण आजोबा, वडिलांचे वडील, हज करून आलेले, चहाचा कपसुद्धा बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय तोंडाला न लावणारे. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. द्रोण हातात आला आणि त्याचा वास नाकात न जाता थेट डोळ्यांत गेला. प्यावी तर घरी कोणत्या तोंडाने जायचं, आणि न प्यावी तर परत तो हँडपंप. मी अक्षरशः रडायच्या बेतात होतो. तेवढ्यात वसतिगृहवाला म्हणाला, “थांबा. आधी जुन्यायचं.”

ती त्याच्या घरची रीत होती. तोंडाला लावायच्या आधी दोन थेंब जमिनीवर वाहायचे, गेलेल्या माणसांच्या नावानं. त्याने बोट बुडवलं, दोन थेंब सोडले, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, तेच बोट ओठांना लावलं आणि आपला द्रोण म्होरक्याकडे सरकवला. “आमच्यात मोठ्यायच्या आधी लेकरं पेत नाईत,” तो म्हणाला. त्याला कोणी काही बोललं नाही, कारण त्याच्याकडे रीत होती. माझ्याकडे नुसती भीती होती, आणि भीती सांगायची सोय नव्हती.

मी आजोबांच्या नावाने दोन थेंब सोडले आणि मला दरदरून घाम फुटला. हाजी माणसाला मोहाची पाजली! पण म्हणतात ना, गरज पडली की अक्कल सुचते. मी वसतिगृहवाल्याला विचारलं, “एकाच्या नावानं देलं अन् दुसऱ्याच्या नाई देलं, तं चालते का?”

त्याने नीट विचार केला. “नाई चालत. ज्याले नाई भेटलं तो रागावते.”

“मंग सगळ्यायले द्या लागन.”

“द्या लागन,” तो गंभीरपणे म्हणाला.

“आमच्यात पश्चिमेकडं तोंड करा लागते,” मी म्हणालो. पश्चिमेला मोहाचं खोड होतं. मी त्या दोघांकडे पाठ करून खोडापाशी उभा राहिलो आणि मोठमोठ्याने नाती घेत द्रोण तिरका करत गेलो. आजी, नाना, नानी, मोठे चाचा. माणूस एक आणि थेंब दोन असा भाव ठरला होता, पण माझा हात फार उदार होता. शेवटी मी आत्यापाशी आलो.

“आता फुफीच्या नावानं,” मी म्हणालो.

“तुही फुफी कधी मेली बे?” मागून म्होरक्याने विचारलं.

“मेली नाई. पण लय बिमार आहे.”

फुफीपाशी द्रोण रिकामा झाला. मी तो रिकामा द्रोण तोंडाला लावला, मान मागे टाकली, बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांसारखा ‘हाऽऽ’ असा आवाज काढला आणि मनगटाने ओठ पुसत वळलो. म्होरक्या माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने आपला द्रोण डोळे मिटून एका दमात संपवला. मला वाटलं, हा पोलादाचा आहे.

असे सहा शनिवार गेले. दुसऱ्या शनिवारी मी पणजोबांकडे गेलो, तिसऱ्या शनिवारी खापरपणजोबांकडे. चौथ्या शनिवारी खरी माणसं संपली आणि मी नवी बनवायला घेतली: रेल्वेखाली सापडलेले नागपूरचे मामा, लहानपणी तापाने गेलेल्या जुळ्या आत्या. एवढी मयतं पाहिलेलं दुसरं घराणं अख्ख्या ब्रह्मपुरीत नसेल. वसतिगृहवाला प्रत्येक नात्याला मान खाली घालायचा. त्याला माझ्याबद्दल खरंच वाईट वाटायचं, आणि मला त्याचं हसू यायचं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पाचव्या शनिवारी म्होरक्याने विचारलं, “तुले चढत काऊन नाई बे? डोळ्याले पाणीबी येत नाई.”

“माहा आजा लय पेये,” मी बोलून गेलो. “आमच्या रक्तातच आहे.”

तोंडातून निघालं आणि चहाच्या कपाआधी बिस्मिल्ला म्हणणारे आजोबा डोळ्यांपुढे आले. पण म्होरक्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जो आदर दिसला, तो मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांत दिसत होता. त्या नजरेसाठी मी आणखी एक आजोबा विकले असते. म्होरक्याने वसतिगृहवाल्याचा द्रोणही जवळ ओढला आणि दोन्ही रिकामे केले. त्याला दारू आवडते, असं मी धरून चाललो.

पोरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढच्या आठवड्यात काका बाकड्यावर बसून म्हणाला, “मास्तर, तुमचे वडील मोठे शौकीन होते म्हणते. पुतण्या सांगून राह्यला होता घरी.” वडिलांची कात्री कापडात थांबली. मी तिथेच बटणं लावत बसलो होतो. सुई बोटात गेली. वडील काकाला हसून एवढंच म्हणाले, “दुसरा कोणी असन, भाऊ.”

सहाव्या शनिवारी मी दुकानात आलो तेव्हा त्यांनी मला टेबलावर उभं केलं. “मुँह खोल.” मी उघडलं. त्यांनी वास घेतला. काही नाही. शर्ट पाहिला. भोक नाही. मग ते पँटची लांबी सोडायची का ते बघायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. मोहरी हातात धरून त्यांनी नाकाशी नेली.

“मुँह में नहीं है,” ते म्हणाले. “मोहरी में है. पँट पीती है क्या तेरी?”

मग मी सगळं सांगितलं. टेबलावर उभ्यानेच, नाक ओढत. आजी, नाना, नानी इथपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. फुफीचं नाव आलं आणि ते मशीनला धरून हसायला लागले. “अरे मेरी बहन जिंदा है अभी!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं, मीही हसलो. तेवढ्यात ते थांबले.

“अब्बा का नाम तूने खराब किया,” ते म्हणाले. “तू ही साफ करेगा. मैं नहीं आऊँगा.”

मी म्हणालो, खरं सांगितलं तर मित्र जातील. परत एकटं बसावं लागेल. ते मला नाही जमणार.

वडील उठले, बाहेर जाऊन खर्रा थुंकला, चूळ भरली आणि परत आले. त्यामुळे त्या दिवशी त्यांचं बोलणं मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं. त्यांना तेराव्या वर्षी पहिला खर्रा त्यांच्या दोस्तांनी दिला होता. नको म्हणायचं होतं, पण म्हणता आलं नाही. “तूने गिराने की जगह तो ढूँढी,” ते म्हणाले. “मैंने वो भी नहीं ढूँढी.” मला त्यांची फार दया आली. बापाची दया येणं ही काही बरी गोष्ट नाही, पण आली. दहा मिनिटांनी त्यांनी नवा खर्रा गालात धरला आणि माझी पँट धुवायला टाकली.

सातव्या शनिवारी मोहाखाली म्होरक्याने तीन द्रोण भरले. मी माझा हातात घेतला नाही. शाळेपासून तिथपर्यंत मी जे वाक्य घोकत आलो होतो ते सोडून भलतंच बोललो.

“माहा आजा पेत नव्हता. थेंबबी नाई. अन् मीबी पेत नाई. मी खोडापाशी सांडवत होतो.”

आधी वसतिगृहवाला बोलला. “मंग ते नावं?”

“आजा-आजी, नाना-नानी खरे. मोठे चाचा अन् पणजे खरे.”

“जुळ्या आत्या?”

“नव्हत्याच.”

“मी घरी सांगतलं होतं,” तो म्हणाला. “माह्या मायनं त्यायच्या नावानं घास काढून ठेवला.”

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ते मला त्या क्षणी समजलं. मित्र जातील ही भीती मी घेऊन आलो होतो. कोणा अनोळखी बाईने आपल्या ताटातला घास माझ्या थापेसाठी बाजूला काढला असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी माफी मागितली. “मले नको म्हणू,” तो म्हणाला. “माय बाजाराले येईन तवा तिले सांग.” मी हो म्हणालो, आणि पुढे तिला सांगितलंही. ती हसली, पण तिच्या लेकाला हसायला बरेच दिवस लागले.

म्होरक्याच्या हातातल्या द्रोणातून दारू ठिबकत होती.

“सहाही शनवारी नाई पेला?” त्याने विचारलं.

“नाई.”

“एकबी घोट नाई?”

“नाई.”

“मंग मी काऊन पेलो बे?”

मला वाटलं तो चिडवतोय. पण त्याचा चेहरा रडवेला झाला होता. एवढ्या उंच पोराचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

“मले त्याचा वासबी सहन नाई होत,” तो म्हणाला. “दर शनवारी घरी जाऊन कोठीमागं ओकत होतो. माय म्हणे, पोराले काय झालं, वैद्याकडं नेऊ का. तू एक पेऊन सरळ उभा राहत होता, म्हणून मी दोन पेत होतो. मले वाटलं मी मागं पडीन. वरच्या वर्गातले पोरं सोडून गेले, तसे तुमीबी जासान.”

मी ज्याच्या भीतीने नाटक करत होतो, तो माझ्याच नाटकाला भिऊन पीत होता. आजोबांचं नाव साफ करायला मी आलो होतो आणि ते एका वाक्यात झालं. पण मी, दारूचा थेंब न घेतलेला माणूस, सहा शनिवार समोर उभा राहून एका पोराला दारू पाजत होतो, हे काही कोणत्या वाक्याने साफ होण्यासारखं नव्हतं. मी त्याला तसंच सांगितलं, जसं जमलं तसं, अर्धं हिंदीत.

त्याने हातातला द्रोण नाल्यात भिरकावला. मग माझ्या पाठीत एक बुक्की घातली. चांगली सणसणीत, आवाज यावा अशी.

“अजून एक मार,” मी म्हणालो.

त्याने मारली. ती पहिलीपेक्षा जोरात होती, आणि मला बरं वाटलं.